आलो तर वजा एक

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसलेय. मी सहावी ते आठवीला गणित शिकवते, सातवीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिकाही आहे. ३२ मुलं. रोजचा पहिला तास माझा.

शिकवणं सोडून शिक्षकाचं काम काय असतं हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. सातवीत तासाची पहिली पाच मिनिटं हातातून गेली की तो तास गेला, पुढे कितीही घसा फोडा. म्हणून वर्ष सुरू झालं की पहिले दोन आठवडे मी धडा फारसा पुढे नेत नाही, वर्गात यायचं कसं तेच शिकवते. मी दारात उभी, एकेकाला नावाने आत घ्यायचं, दप्तर बाकाखाली, वही उघडी, फळ्यावर तीन गणितं आधीच लिहिलेली, ती न बोलता सोडवायला घ्यायची. पहिल्या दिवशी आम्ही हे चार वेळा केलं, म्हणजे खरंच सगळ्यांना परत बाहेर काढून पुन्हा आत घेतलं. मुलं कुरकुरतात, सातवीची मुलं आहेत, त्यांना वाटतं आपल्याला बालवाडीत बसवलंय. पण तिसऱ्या आठवड्यात पेन पडला तरी ऐकू येतो आणि मला ओरडावं लागत नाही. हजेरीसाठी मी नावं पुकारत नाही, मुलं गणितं सोडवत असताना जागा बघून भरते. ज्याच्याकडे पेन नाही त्याने दाराजवळच्या डब्यातून घ्यायचा, विचारायचं नाही, कारण पेन नाही हे सांगण्यात दोन मिनिटं जातात आणि त्यावर हसण्यात अजून तीन. नियम चारच, आणि एकही ‘करू नका’ने सुरू होत नाही, कारण काय करायचं नाही हे त्यांना आधीच माहीत असतं, त्याऐवजी काय करायचं ते सांगावं लागतं.

ह्या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. हे बसवायला मला आठ वर्षं लागली.

गडबड झाली ती बक्षिसात.

ह्या वर्षी मी पाच गट केले आणि मागच्या भिंतीवर मोठा गुणतक्ता लावला. सगळ्या गटाचा गृहपाठ वेळेत आला तर दोन गुण, आल्या आल्या कामाला लागले तर एक, कोणी उशिरा आलं तर वजा एक, वही विसरली तर वजा एक. गैरहजर असेल तर शून्य. हा शून्य मी खूप विचार करून ठेवला होता, आजारी पडलेल्या पोराची शिक्षा गटाला कशाला, म्हणून. शुक्रवारी ज्या गटाचे गुण सगळ्यात जास्त त्यांनी पुढच्या आठवड्यात हवं तिथे बसायचं आणि शेवटची दहा मिनिटं काय करायचं ते वर्गासाठी ठरवायचं. खाऊ नाही, वस्तू नाहीत. ह्या वयात आवडत्या मैत्रिणीशेजारची जागा ही कुठल्याही वस्तूपेक्षा मोठी असते हे ज्याने सातवी शिकवलीय त्याला सांगायला नको.

तक्ता जोरात चालला. दुसऱ्या महिन्यात उशिराचे शेरे जवळजवळ बंद झाले. खिडकीकडच्या गटात एक मुलगा होता जो पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा सात-आठ मिनिटं उशिरा यायचा, त्याच्या नावापुढे सलग दोन आठवडे एकही वजा नाही, आणि त्याचा गट तळातून पहिल्या नंबरवर. मी स्टाफरूममध्ये हे सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाकीच्या वर्गशिक्षकांना दाखवा. मंगळवार ठरला, दोघी जणी मागे येऊन बसणार होत्या.

त्या मंगळवारी मुलं अप्रतिम आत आली. तीन गणितं, शांतता, मी बाकांमधून फिरतेय, मागे दोघी वहीत लिहून घेतायत. खिडकीकडच्या गटात एक जागा रिकामी, मी हजेरीत ‘गै’ टाकला आणि पुढे गेले. एवढ्यात शिपाई मावशी दाराशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, तुमचा एक जण जिन्याखाली बसलाय.”

मी म्हटलं कोण? तर म्हणाल्या, “तोच की. आज नाही, आधीपण बसलेला बघितलाय मी. मला वाटलं तुम्हीच बाहेर काढलाय.”

मला वाटलं तुम्हीच बाहेर काढलाय. हे वाक्य मला अजून लागतं, कारण मी कुणाला बाहेर काढत नाही हे सगळ्यांना माहीत असेल असं मी धरून चालले होते आणि रोज वरांड्यातून जाणाऱ्या मावशींना ते माहीत नव्हतं.

वर्ग मागच्या दोघींपैकी एकीच्या हवाली केला आणि गेले. जिन्याखाली जिथे मोडकी बाकं ठेवलेली असतात तिथे तो दप्तर मांडीवर घेऊन बसलेला. रडत नव्हता, घाबरलाही नव्हता फारसा, वही उघडून काहीतरी लिहीत होता. मी शेजारी बसले. आधी काहीच विचारलं नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, निदान तीन सेकंद थांबलं तर मुलं लांब आणि विचार करून उत्तरं देतात, हे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलेलं, प्रशिक्षणात ऐकलेलं, आणि मी ते वर्गात रोज पाळते. तिथे मात्र माझ्याकडे प्रश्नच नव्हता, नुसतीच थांबले.

मग तो म्हणाला, “मॅडम, मी आलो तर वजा एक. नाही आलो तर काहीच नाही.”

त्याने मला माझ्याच तक्त्याचं गणित समजावून सांगितलं. धाकटी बहीण दुसऱ्या शाळेत, तिला सोडायला हाच जातो, तिचं फाटक आमच्या घंटेच्या वेळीच उघडतं. लवकर सोडता येत नाही, एकटीला फाटकाबाहेर ठेवता येत नाही. काही दिवस शेजारच्या काकू नेतात, तेव्हा हा वेळेवर. ज्या दिवशी त्या नाहीत त्या दिवशी उशीर. आधी हा उशिरा येऊन बसायचा आणि वजा घ्यायचा. मग गटाने ठरवलं की उशीर झाला तर आत यायचंच नाही, दुसऱ्या तासाला घंटा झाली की गर्दीत मिसळायचं. दुसऱ्या तासाला हजेरी होत नाही. दोन आठवड्यांत चार दिवस तो असा जिन्याखाली होता आणि चारही दिवस मी माझ्या हाताने त्याला गैरहजर लावलं होतं. बाकीचे शिक्षक त्याला दुसऱ्या तासापासून रोज बघत होते. पण सकाळी भरलेला पट कुणी दुपारी उघडत नाही, अशी ही पद्धत आहे, आणि ती फक्त माझ्या शाळेत असेल असं मला वाटत नाही.

मी विचारलं, तुला गटातल्यांनी धमकावलं का? तर माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी वेडंवाकडंच बोलले. “नाही मॅडम, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.” आणि वही पुढे केली. त्यात त्या आधीच्या चार दिवसांची फळ्यावरची गणितं होती, आजची तेवढी नव्हती. गटप्रमुख मुलगी रोज ती चिठ्ठीवर उतरवून दुसऱ्या तासाच्या आधी त्याला द्यायची, म्हणजे तो मागे पडायला नको. चिठ्ठ्या त्याने वहीत चिकटवल्या होत्या. तिचं अक्षर मी ओळखते. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तिने तारीख घातली होती, आणि दोन ठिकाणी त्याच्या उत्तराला बरोबरची खूण करून एका ठिकाणी ‘चिन्ह बघ’ असं लिहिलं होतं.

मी अडकलेय ती इथेच. मला गटात जे हवं होतं, एकमेकांना सांभाळून घेणं, ते ह्या मुलांनी इतकं सुंदर केलं होतं की मी वर्गात कधी बघितलं नव्हतं. आणि ते केलं एका मुलाला जिन्याखाली बसवून. त्या मुलीला मी रागवावं की शाबासकी द्यावी हे मला त्या दिवशी कळलं नाही, खरं सांगायचं तर आजही नीट कळलेलं नाही. नंतर तिच्याशी बोलले तेव्हा ती एवढंच म्हणाली की त्यालाच वाईट वाटायचं मॅडम, वजा झालं की तो दिवसभर बोलायचा नाही.

स्टाफरूममध्ये ह्यावर दोन मतं पडली. एका सरांचं म्हणणं, मुलं लबाड झालीयेत, आमच्या वेळी असं नव्हतं. मला हे पटत नाही, अजिबात नाही. बारा वर्षांच्या मुलाला तुम्ही आकडे दिलेत तर तो आकड्यांचा हिशोब करणारच, मी त्याला वर्षभर तेच शिकवतेय. दुसऱ्या बाई म्हणाल्या, म्हणूनच बक्षीस देऊच नये. त्यांनी १९७३चा तो लेपर, ग्रीन आणि निस्बेटचा प्रयोग सांगितला, ज्यात चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना बक्षीस मिळेल असं आधीच सांगितलं, आणि पुढे मोकळा वेळ मिळाल्यावर तीच मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत बसली. बरोबर आहे, पण तिथे मुलांना चित्र काढायला मुळात आवडत होतं. वेळेवर येऊन वही उघडायला कुणाला आवडतं? आणि त्याच प्रयोगात ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची आवड कमी झाली नव्हती, हे सांगताना लोक हमखास विसरतात.

घरी जाऊन मी गटाच्या खेळाचं जुनं टिपण काढलं, ज्यावरून मी तक्ता केला होता. १९६९ सालचा चौथीच्या वर्गावरचा प्रयोग आहे तो, वर्गाचे दोन संघ, नियम मोडला की संघाच्या नावे फळ्यावर खूण. मी त्यातल्या खुणा घेतल्या, संघ घेतले, आणि एक गोष्ट सोडून दिली. त्या खेळात खुणांची एक मर्यादा होती, तिच्या आत राहिले तर दोन्ही संघ जिंकू शकत होते. मी पाचातला एकच गट जिंकेल असं केलं. एकच जिंकणार म्हटल्यावर एकेक गुणाला जिवाचं मोल आलं, आणि सगळ्यात स्वस्त पडणारी गोष्ट म्हणजे जो गुण घालवतो त्याला बाजूला ठेवणं. टिपणात ती ओळ माझ्याच अक्षरात होती, खाली रेघ मारलेली.

दुसरी चूक टिपणात नव्हती, ती माझी. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तुला उशीर का होतो. तक्त्यात उशिरासाठी रकाना होता ना, रकाना भरला की काम झालं असं वाटायला लागलं. आधी तक्ता नव्हता तेव्हा मी विचारायचे.

मग बुधवारी तक्ता उतरवला. वर्गाला कारण सांगितलं, त्याचं नाव न घेता, पण वर्गाला सगळं माहीतच होतं, मला सोडून सगळ्यांनाच. आता वजा नाहीत. पूर्ण वर्गाचे मिळून आठवड्याला ४० गुण झाले की शुक्रवारची दहा मिनिटं सगळ्यांची. कौतुक करायचं असेल तर घडी घातलेली छोटी चिठ्ठी बाकावर ठेवून पुढे जाते, कारण ह्या वयात सगळ्यांसमोर नाव घेतलं की पोरं लाजतात आणि मधल्या सुट्टीत चिडवलीही जातात. उशिरा येणाऱ्यासाठी आता वेगळी सवय शिकवली, तीही चार वेळा करून घेतली: दार लोटायचं, माफी नाही, कारण नाही, जागेवर बसायचं, शेजाऱ्याने बोटाने चालू गणित दाखवायचं, बोलणं असेल ते माझ्याशी तासानंतर. त्याला आता आठवड्यातून दोनदा उशीर होतोच आणि तो आत येतो. शिस्त थोडी सैल झालीय हेही खरं, पहिल्या आठवड्यात आणखी तीन जण उशिरा यायला लागले, त्यातल्या एकाला खरंच कारण नव्हतं. त्याच्याशी बोलणं चालू आहे.

राहिली ती पटावरची चार ‘गै’. शाळेच्या आवारात असलेला मुलगा कागदावर गैरहजर आहे, वर्षअखेर हजेरीचा हिशोब होईल तेव्हा ते चार दिवस त्याच्या नावावर निघतील. मी ऑफिसमध्ये गेले तर सांगितलं की महिना बंद झाल्यावर पटात खाडाखोड चालत नाही, अर्ज द्या. अर्ज दिला, सोबत त्या चार चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडल्या, तारखा होत्याच त्यावर. वरून अजून काही आलेलं नाही. काल त्याने तास संपल्यावर विचारलं, मॅडम झालं का? मी म्हटलं नाही अजून, सोमवारी परत जाते.