आमची वाटचाल : म्हापशातली वीर्यतपासणी

म्हापशात लॅब टाकली तेव्हा रक्त, लघवी आणि पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया, एवढाच पसारा होता. वीर्यतपासणी क्वचितच यायची. मूल होत नाही म्हटलं की सगळ्या तपासण्या बायकोच्या. नवऱ्याची चिठ्ठी सगळ्यात शेवटी, तीही घरच्यांपासून लपवून. वास्तविक निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं. या तपासणीत सुई टोचत नाही, खर्चही बेताचा. ती आधी व्हावी, या हट्टापायी आम्ही या कामात उतरलो.

पहिला खर्च केला तो खोलीवर. मागून वेगळं दार, आतून कडी, बेसिन आणि नमुना ठेवायला भिंतीत छोटी खिडकी. डबी घेऊन रिसेप्शनसमोरून जावं लागत नाही म्हटल्यावर माणसं यायला लागली.

कॅमेऱ्याचं यंत्र नंतर, कर्ज काढून घेतलं. नमुना पातळ झाला की त्याचा थेंब २० मायक्रॉन खोलीच्या चेंबरमध्ये, ३७ अंशांवर. कॅमेरा भराभर फ्रेम टिपतो आणि सॉफ्टवेअर एकेका शुक्राणूच्या डोक्याचा माग काढतं : किती आहेत, किती वेगाने जातात, सरळ पुढे जाणारे किती. पूर्वी वेग नजरेनेच ठरायचा आणि दोन तपासणाऱ्यांचे आकडे जुळायचे नाहीत.

पण यंत्रही फसतं. शुक्राणू विरळ असले की कचऱ्याचा कण किंवा गोल पेशीही ते मोजून टाकतं; दाटी असली की दोघांचे माग एकमेकांत मिसळतात. अशा वेळी आमच्या ज्येष्ठ टेक्निशियनबाई सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजतात. एकही दिसला नाही, तर नमुना सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात गरगर फिरवून) तळाचा साका पाहिल्याशिवाय रिपोर्टवर शून्य लिहायचं नाही, हा त्यांचा दंडक. त्या शून्याने घरात काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

रिपोर्टवर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या खालच्या मर्यादा असतात : मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांतले हालचाल करणारे ४२ टक्के. त्याखालच्यांनाही मुलं होतात, हे आम्ही प्रत्येकाला समोर बसवून सांगतो. जोराचा ताप येऊन गेला तरी आकडा घसरतो. शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, म्हणून पुन्हा तपासायचं तर तीन महिन्यांनी.

आता साखळी गावात जागा बघतोय. नमुना तासाभरात तपासायला लागावा लागतो. वाळपईच्या पुढून म्हापशापर्यंत तो वेळेत पोचत नाही.