मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी रंगवलेलं तळं

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला मोतीबिंदू झाल्याचं निदान १९१२ साली झालं, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी बायको गेली होती. पुढे दोन वर्षांत मोठा मुलगा गेला आणि पाठोपाठ पहिलं महायुद्ध सुरू झालं. या माणसाने तेव्हा ब्रश खाली ठेवला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्याने मात्र ऐन युद्धात जिव्हर्नी गावातल्या आपल्या बागेत नवा, भला मोठा स्टुडिओ बांधून घेतला. दोन मीटर उंचीचे कॅनव्हास जुन्या स्टुडिओत मावत नव्हते म्हणून!

पॅरिसमध्ये राहायला आल्यापासून मोनेची चित्रं मी बरीच पाहिली होती, पण त्याच्या डोळ्यांची ही गोष्ट नीट वाचली ती गेल्या वर्षी बाबा, म्हणजे माझे सासरे, इथे राहायला आले तेव्हा. बाबा वाईचे, शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या किती मुलांचे हात त्यांनी घडवले असतील! आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, डॉक्टर ज्याला मॅक्युला म्हणतात तो, झिजत चाललाय. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसट होतं, कडेचं मात्र दिसत राहतं. त्यांच्या प्रकारावर ऑपरेशन नाही. येताना त्यांनी रंगांची पेटी आणली नव्हती. "आता काय करायचीय?" एवढंच म्हणाले, आणि मला ते फार लागलं.

मोनेचं दुखणं वेगळं होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग आधी पिवळट आणि मग तपकिरी होत जातं. कोऱ्या चहाच्या ग्लासातून बाहेर बघावं तसं. निळा आणि जांभळा प्रकाश आत पोचतच नाही, लाल मळकट दिसतो. आयुष्यभर ज्याने उजेडाच्या छटाच टिपल्या त्याच्या बाबतीत हे व्हावं! मग त्याने काय केलं? नळ्यांवरची नावं वाचून रंग घ्यायचा. पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरलेली, ती बदलायची नाही. दुपारचं झळाळतं ऊन टाळायचं, डोक्यावर रुंद कडांची गवती हॅट घालायची. डोळा साथ देईना तेव्हा शिस्तीने आणि आठवणीने काम पुढे नेलं.

ऑपरेशनला तो वर्षानुवर्षं तयार नव्हता. चित्रकार मेरी कसाट हिची मोतीबिंदूची ऑपरेशनं फसल्याचं त्याला ठाऊक होतं. जॉर्ज क्लेमांसो, फ्रान्सचा युद्धकाळातला पंतप्रधान आणि शिक्षणाने डॉक्टर, हा त्याचा जिवलग मित्र. तो मागे लागला होता. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, मोनेने आपली चित्रं देशाला द्यायची तयारी त्यालाच पत्राने कळवली होती. ती चित्रं पूर्ण तर व्हायला हवी होती. शेवटी जानेवारी १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि उन्हाळ्यात पुन्हा एक करावं लागलं. आपल्याकडे आज सकाळी मोतीबिंदू काढून माणूस संध्याकाळी घरी येतो. तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या बांधून दिवसेंदिवस न हलता पडून राहायचं. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सोय १९४९ पर्यंत नव्हतीच, त्यामुळे पुढे जाड चष्मा. त्यातून जग कधी पिवळं दिसे, कधी नको तितकं निळं. तो चिडला, खचला. दुसऱ्या डोळ्याला त्याने हात लावू दिला नाही. पण रंगीत काचांचे चष्मे बदलत बदलत १९२५ मध्ये तो पुन्हा झपाटून रंगवत होता.

बाबांना मी आधी मार्मोताँ संग्रहालयात नेलं. जिव्हर्नीच्या तळ्यावरच्या जपानी पुलाची त्या वर्षांतली चित्रं तिथे आहेत. लाल, तपकिरी, जळत्या पिवळ्या रंगांचे थरावर थर, पूल शोधावा लागतो. अधू डोळ्याची चूक म्हणून ही चित्रं बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. रंग डोळ्यांमुळे बदलले असतील, पण त्यांची रचना अपघाताने झालेली नाही. बाबा तिरकी मान करून, कडेच्या नजरेने एक चित्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ब्रश कुठे थांबवायचा हे हाताला माहितीये गं याच्या."

मग ओरांजरी, मोनेने देशाला दिलेली ती चित्रं जिथे आहेत ते पॅरिसमधलं संग्रहालय. मोने ५ डिसेंबर १९२६ ला गेला आणि पुढच्या मे महिन्यात ही दालनं उघडली. दोन लंबगोल खोल्या, भिंतींवर कमळांच्या तळ्याची आठ चित्रं. एका ओळीत लावली तर लांबी जवळजवळ ९० मीटर भरेल. वरून खरा दिवसाचा उजेड येतो. मधल्या काळात वर मजला चढवून तो अडवला गेला होता, २००६ मध्ये नूतनीकरण संपलं तेव्हा परत मिळाला. त्या दिवशी ढग येत-जात होते आणि पाण्याचा निळा क्षणात राखाडी होत होता.

बाबा मधल्या बाकावर बसले. एरवी संग्रहालयात ते चित्राला नाक लावून उभे राहतात, मग रखवालदार धावत येतो. इथे जवळ जायची गरजच पडली नाही. चित्र चहूबाजूंनी होतं, आणि बाबांच्या नजरेचा जो भाग शाबूत आहे तो कडेचाच! "हे मला दिसतंय," ते म्हणाले. "सगळं दिसतंय." मी काही बोलू शकले नाही.

परतताना मेट्रोत ते चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल बोलत होते. १९५७ च्या सुमारास दृष्टी पूर्ण गेल्यावरही त्यांनी कागद कापून चित्रं केली आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. हे सगळं बाबा वर्गात मुलांना सांगत असत. स्वतःला लावून बघायचं राहिलं होतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे अधू झाले की आपण मायेनेच म्हणतो, "आता आराम करा." डॉक्टरांना दाखवायचं, औषधपाणी करायचं, हे हवंच. पण त्यांच्या हातातलं काम आपण काढून घेऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. मोठा कागद, प्रखर दिवा, नळ्यांवर जाड मार्करने लिहिलेली नावं, एवढ्या सोयी करायला कितीसं लागतं?

आमच्या जेवणाच्या खोलीतली एक भिंत आता बाबांची आहे. पोस्टर कलरच्या वाट्या एका ट्रेमध्ये, डावीकडून पांढरा, पिवळा, गेरू, लाल, हिरवा, निळा, काळा. त्या कुणी हलवायच्या नाहीत, नातवालाही सक्त ताकीद. सध्या वाईचा घाट चालू आहे, ढोल्या गणपतीचं देऊळ आणि पुढे कृष्णा. आठवणीतूनच. देवळाची बाजू झाली, पण नदीला कागद कमी पडतोय अशी तक्रार आहे. काल मी दीड मीटर रुंदीचा रोल मागवला. भिंतीवर तो कसा बसवायचा, यावर बापलेकांची अजून चर्चा चालू आहे.