तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"काय झालं? चेहरा असा का? जरा हसा की!"

सोलापुरात नव्या पेठेत चादर-टॉवेलच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरला आहे. 'कितीला?' आणि 'रंग जातो का?' या दोन प्रश्नांनंतर मला सगळ्यात जास्त विचारलेलं हेच. परवा भाचीच्या लग्नात फोटोवाल्यानंही सोडलं नाही. "मावशी, टेन्शन कसलं घेताय?"

टेन्शन कसलंही नव्हतं. जिलेबी बरी झाली होती, मी दुसऱ्यांदा घेतली होती. माझा चेहरा मोकळा सोडला की असाच दिसतो, ओठांची टोकं खाली. अम्माचाही तसाच होता.

आमच्या घरी तेलुगू. तेलुगूत हसणं म्हणजे 'नव्वु', पण लहानपणी मला तो शब्द फक्त नकारात माहीत होता: 'नव्वकु', हसू नको. दारात उभी राहून दात काढू नको, काकांसमोर फिदीफिदी करू नको. मग अठराव्या वर्षी पाहुणे बघायला आले आणि पोह्यांची बशी हातात देताना काकू कानात म्हणाली, "थोडं हस गं." दहा वर्षं जे तोंड मिटायला शिकवलं, ते एका संध्याकाळी कसं उघडायचं? नाही जमलं. ते स्थळ गेलं. पुढची दोनही गेली. त्याचं खापर माझ्या तोंडावर फुटलं, हुंड्याचं कुणी नाव काढलं नाही.

अम्मा विड्या वळायची. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, की पुढचं पान. हजार विड्या झाल्या की हजाराची मजुरी. कारखान्यात विडी सैल निघाली की बाजूला काढत. पण चाळीस वर्षांत तिला कुणी म्हणालं नाही, की बाई, हसत वळ. हातमागावर, यंत्रमागावर बसलेल्यांनाही कुणी म्हणत नाही. काउंटरला उभं राहिलं की मात्र चेहराही मालासोबत द्यावा लागतो.

आता एका हसण्याचं सांगते. अम्मा गेली तेव्हा गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरांची जत्रा, पंधरा-वीस दिवसांवर आला होता. तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. मालकांनी बोलावलं नव्हतं, मीच गेले. घरात बसून करायचं काय होतं? गड्डा भरला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. होम मैदानावर फिरून आलेली माणसं, हातात भडंगाच्या पुड्या, पोरांच्या तोंडात पिपाण्या. पुण्याकडचे सात-आठ जण आले. त्यांना मोराची चादर हवी होती. मी वरच्या फळीवरची काढली, दोन कोपरे धरून झटक्यात उघडली, आणि मग उलटी करून दाखवली, कारण आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षीचे रंग फक्त अदलाबदल होतात. हे वाक्य मी झोपेतही बोलते. त्या दिवशी ते अर्ध्यात थांबलं. शेवटचे दोन महिने अम्माच्या अंगावर हेच मोर होते. माझ्याच दुकानातून, कामगाराच्या भावात नेलेले.

त्यातले एक काका म्हणाले, "ताई, एवढी छान चादर आणि तोंड असं? हसा बरं!"

मी गल्ल्याकडे बघितलं. मालकांना माहीत होतं. ते घरी येऊन गेले होते, ओट्यावर अर्धा तास बसले होते. ते म्हणाले, "ताई, काय म्हणतायत बघा की ते."

मी हसले. चांगलं हसले.

"बघा, हसल्यावर कशा छान दिसता!" काका म्हणाले. अकरा चादरी गेल्या. मग मी मागे गठ्ठ्यांच्या खोलीत गेले तरी ते हसू तोंडावर तसंच. उतरेचना. शेवटी दोन्ही हातांनी गाल दाबून उतरवलं. रडू आलं नाही. चहा आला होता, तो प्याले.

मला त्या काकांचा राग नाही, त्यांना काय ठाऊक? मालकांचा आहे, आणि नाहीही, कारण त्या तेरा दिवसांचा पगार त्यांनी कापला नाही. खरा राग माझा मला येतो. इतकं सहज कसं जमलं?

भाचा म्हणतो, "मावशी, खोटं हसलं तरी मूड सुधारतो, सायन्स आहे." मी वाचलं. दातांत पेन धरलं की तोंड आपोआप हसल्यासारखं होतं; 1988 मध्ये लोकांना तसं धरायला लावून हे दिसलं होतं. 2016 मध्ये सतरा प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नाही दिसलं. नंतर 2022 मध्ये एकोणीस देशांत मोठा प्रयोग झाला. पेनचं तेव्हाही नक्की काही ठरलं नाही, पण मुद्दाम हसणाऱ्यांना थोडं बरं वाटलं म्हणे. थोडं. असेल बाबा. मला त्या फ्रेंच डॉक्टरचं जास्त पटतं, ड्युशेनचं. त्यानं 1862 मध्येच लिहून ठेवलं, की ओठ वर नेणारा स्नायू सांगितलं की ऐकतो, डोळ्याभोवतीचा ऐकत नाही. त्या काकांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं, एवढं नक्की.

पण फार ताठ बोलायची सोय मलाही नाही. भिंतीवरच्या फोटोत अम्मा हसतेय. कार्डासाठी फोटो काढायला गेलो होतो. तो झाल्यावर मीच स्टुडिओवाल्याला म्हणाले, आणखी एक काढा, आणि तिला म्हणाले, "अम्मा, जरा हस की." तिनं विचारलं, "कशाला?" मी म्हणाले, "छान दिसतं." येणारे-जाणारे म्हणतात, किती प्रसन्न फोटो. माझी अम्मा मला त्यात सापडत नाही. कार्डावरची सापडते, पण ती नखाएवढी आहे, मोठी करायला दिली तर फाटल्यासारखी दिसते.

मग हसायचंच नाही का? हसते की. हिशेबात मालकांची चूक सापडली की हसते. तुम्ही दुकानात आलात तर मात्र लगेच अपेक्षा ठेवू नका. चादर उलटी-पालटी करून बघा, भाव विचारा, कमी सांगा, मी भांडेन. आणि येणारच असाल तर दीडच्या आत या, मग मी डबा खायला बसते.