माझा अनुभव : शेंगदाण्याचा धोका, संगणकाचा अंदाज आणि एक अर्ज

सोलापूरची शेंगदाणा चटणी देशाबाहेर पाठवायची असेल, तर चवीच्या आधी अफ्लाटॉक्सिनचा प्रश्न सोडवावा लागतो. हे विष अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीमुळे तयार होते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात आपल्याकडे एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघात ती ४ आहे आणि त्यातही बी-१ या प्रकारासाठी केवळ २. आमचा माल घेणाऱ्या निर्यातदाराने, कोणत्या लॉटमध्ये धोका अधिक आहे याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने आधीच घ्या, असे सुचवले आणि मी या कामाला लागलो.

मॉडेलचा, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज सांगणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचा, भाग सर्वांत सोपा निघाला. अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याने ‘रँडम फॉरेस्ट’ (अनेक निर्णय-वृक्षांचा कौल एकत्र करून अंदाज काढणारी) ही मोफत उपलब्ध असलेली पद्धत वापरली, आणि पावसाचे व तापमानाचे आकडे हवामान खात्याच्या संकेतस्थळावरून मिळाले.

गाडे अडले ते जुन्या तपासणी अहवालांपाशी. पूर्वी कोणता लॉट दूषित निघाला हे सांगितल्याशिवाय मॉडेल काहीच शिकू शकत नाही, आणि ही माहिती एका खासगी प्रयोगशाळेकडे होती. तेथे अहवाल संगणकावर तयार होतो, मग तो छापला जातो, त्यावर शिक्का बसतो, त्याचे स्कॅनिंग होते आणि ते चित्र आपल्याला ईमेलने येते, म्हणजे आपण ते आकडे पुन्हा संगणकात टंकायचे! सर्व निकाल एकाच एक्सेल फाइलमध्ये द्यावेत, अशी विनंती केल्यावर खिडकीवरच्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने, “साहेब, तशी तरतूद नाही,” असे सांगून मला गुणवत्ता विभागाकडे पाठवले. त्या विभागाने विहित नमुन्यातला अर्ज मागितला. अर्जात ‘अहवाल क्रमांक’ या रकान्यात जेमतेम एक क्रमांक मावेल एवढी जागा होती, त्यामुळे प्रत्येक अहवालासाठी स्वतंत्र अर्ज आणि दुय्यम प्रतीचे स्वतंत्र शुल्क, असा अर्थ काढण्यात आला. माहिती आमच्याच मालाची, तपासणीचे पैसे आम्हीच भरलेले, तरीही ‘माहितीचे प्रयोजन’ या रकान्यात मी काय लिहितो यावर चर्चा झाली. ‘धोक्याचा पूर्वअंदाज’ असे लिहिल्यावर तर आमच्या मालात काही सापडले आहे का, अशी चौकशी सुरू झाली. तेथे ‘अंतर्गत नोंदी’ असे लिहावे, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

शेवटी मी ‘अहवाल क्रमांक’ या रकान्यात ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ एवढेच लिहिले, सर्व क्रमांकांची यादी मागे जोडली, आणि तोच अर्ज मंजूर झाला. या दोन शब्दांचा मला मॉडेलपेक्षा अधिक अभिमान वाटतो.

फाइल हाती आली तेव्हा पुष्कळ ओळींवर ‘बीएलक्यू’, म्हणजे मोजता येण्याच्या पातळीच्या खाली, एवढाच निकाल होता. याला शून्य समजू नये. ही पातळी कधी ०.५ मायक्रोग्रॅम असते, कधी १, त्यामुळे तिचा रकाना आवर्जून मागून घ्यावा. नमुन्याच्या वर्णनातही नुसते ‘शेंगदाणे, ५०० ग्रॅम’ असते. नमुना देतानाच आपला लॉट क्रमांक त्या वर्णनात लिहायला लावावा, नाहीतर निकाल कोणत्या पोत्यांचा हे कोणालाच सांगता येत नाही.

आडत्याच्या पट्टीवर वजन, भाव आणि हमाली असते, पण माल कोणत्या तालुक्यातला आणि काढणी कधीची हे नसते. हेच तर महत्त्वाचे आहे, कारण शेंगा भरताना पावसाअभावी ताण पडला आणि जमीन तापली, तर बुरशी शेतातच शेंगेत शिरते. अशा वेळी सोलापुरातला पाऊस मॉडेलला देऊन उपयोग नाही, आंध्रातल्या अनंतपूरहून आलेल्या मालाला अनंतपूरचाच पाऊस द्यावा लागतो. आता आम्ही पोती उतरवतानाच गावाचे नाव विचारून घेतो आणि दाण्यातील आर्द्रता मोजतो. ती ७ टक्क्यांच्या वर गेली की पोती वेगळी ठेवतो.

भाच्याने पहिल्यांदा ‘९५ टक्के अचूक’ असे सांगितले तेव्हा मी खूश झालो नाही, कारण शंभरांत पाचच लॉट खराब असतील, तर डोळे मिटून ‘सगळे ठीक’ म्हणणारे मॉडेलही तेवढेच अचूक ठरते. खराब लॉटपैकी किती पकडले, हा आकडा मागावा.

अंदाज ‘कमी धोका’ असा आला तरी तपासणी टळत नाही. विष मोजक्याच दाण्यांत साठलेले असते, म्हणूनच युरोपीय नियमांत मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचे मिळून २० किलोंचा नमुना घेतात. आम्ही अंदाजाचा उपयोग कोणता लॉट आधी तपासणीला पाठवायचा आणि कोणत्या लॉटमधून अधिक पोत्यांचे दाणे काढायचे, एवढ्यापुरताच करतो. त्या प्रयोगशाळेचा अर्ज अजूनही तोच आहे. यादी जोडताना प्रत्येक पानावर सही आणि शिक्का असावा, नाहीतर तो परत येतो.