वरच्या मजल्यावरची बाई

लेक हॉस्टेलला जाताना पुस्तकांचं एक खोकं माझ्या पलंगाखाली सरकवून गेली. त्यात फिलिपा पिअर्सचं 'टॉम्स मिडनाइट गार्डन' सापडलं. १९५८ सालचं, बालसाहित्यासाठीचं ब्रिटनमधलं कार्नेगी पदक मिळालेलं, लहान मुलांचं पुस्तक. मी ते ४९व्या वर्षी पहिल्यांदा वाचलं, तेही रात्री, मोबाइलच्या उजेडात. आई ८१ वर्षांची आहे, तिला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणून मी तिच्याच खोलीत झोपते.

गोष्ट टॉमची. भावाला गोवर आला म्हणून त्याला मावशीकडे पाठवतात. एका जुन्या मोठ्या घराचे भाग पाडून केलेला तो फ्लॅट, मागे फक्त कचऱ्याचे डबे ठेवलेलं अरुंद अंगण. खालच्या प्रवेशदालनातलं उंच घड्याळ एका रात्री तेरा ठोके देतं. काटे नीट दिसावेत, चांदणं आत यावं म्हणून टॉम मागचं दार उघडतो, आणि बाहेर हिरवळ, फुलांचे वाफे, उंच झाडं! तिथे त्याला हॅटी भेटते. पोरकी, काकूच्या धाकात वाढणारी मुलगी. टॉम रोज रात्री जातो, पण तिकडचा काळ सरळ चालत नाही. एकदा ती त्याच्याएवढी असते, एकदा अगदी चिमुरडी, काळ्या कपड्यांत रडणारी. हळूहळू ती मोठी होत जाते आणि टॉम आहे तेवढाच राहतो.

बर्फावर घसरायच्या स्केट्सचा प्रसंग तर मी दोनदा वाचला. टॉम तिला सांगतो, तुझं वापरून झालं की स्केट्स अमुक जागी लपवून ठेव. मग स्वतःच्या काळात तो फळी उचकटतो, तर त्या तिथे असतात. मग गोठलेल्या नदीवरून दोघं ईली शहरापर्यंत घसरत जातात, एकाच जोडीवर, दोघांच्या पायांत एकाच वेळी.

पुढे शेवट सांगणार आहे. वाचायचं असेल त्यांनी इथे थांबावं.

एका रात्री बाग नसतेच. दाराबाहेर तेच अंगण, तेच डबे. टॉम जिवाच्या आकांताने हॅटीला हाक मारतो. सकाळी कळतं, की ती हाक वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी ऐकली. मिसेस बार्थोलोम्यू, घड्याळाला किल्ली देणाऱ्या, टॉमने कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्या बाई. त्याच हॅटी. रोज रात्री त्या आपलं बालपण स्वप्नात पाहत होत्या आणि टॉम त्यात शिरत होता. त्या रात्री त्यांना स्वतःच्या लग्नाचं स्वप्न पडलं, घर सोडून जाण्याचं. म्हणून बाग नव्हती.

मी पुस्तक छातीवर ठेवलं आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. बाराव्या वर्षी वाचलं असतं तर मी टॉमबरोबर बागेत धावले असते. आता मला सारखी वरच्या खोलीत एकटी झोपलेली ती बाई दिसत होती. निरोप घेताना टॉम परत जिना चढून जातो आणि त्या म्हातारीला, एखाद्या लहान मुलीला मारावी तशी मिठी मारतो. तिथे मला रडू आवरलं नाही.

आईचं माहेर वाईचं. ती कृष्णेत पोहायची, हे मला माहीत होतं. जसं तिचा रक्तगट माहीत आहे, तसं. त्यापुढे मी कधी विचारलंच नव्हतं.

अडीचला ती उठली. परत आणून निजवताना मी म्हटलं, "आई, पोहायला शिकताना तुझ्या पाठीला भोपळा कोण बांधायचं गं?"

ती उठून बसली. "नाना. सुंभाने. काखेत असा काच पडायचा! आणि सैल बांधला की निसटायचा मेला. मग त्याच्यामागे खालच्या घाटापर्यंत जायचं."

मी दिवा लावायला हात पुढे केला.

"राहू दे अंधार," ती म्हणाली. "ऐक. एकदा काय झालं..."