कडब्याचा वास

२०२२च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा स्पेनमध्ये, हाएन प्रांतातल्या एका तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. हाएन म्हणजे नजर जाईल तिथवर ऑलिव्ह. एकट्या प्रांतात सहा कोटींवर झाडं. पण त्या हंगामात आमच्याकडे बाटल्याच कमी येत होत्या. ऐन मोहरात मे महिन्यातली उष्णतेची लाट, मग कोरडा ठणठणीत उन्हाळा. अख्ख्या स्पेनचं तेल आदल्या वर्षीच्या जवळपास पंधरा लाख टनांवरून पावणेसात लाखांच्या आत आलं.

एका सकाळी सत्तरीचे एक शेतकरी दोन बाटल्या घेऊन आले. दोन्ही तेलं पिकुआल जातीची. एक डोंगरउतारावरच्या कोरडवाहू झाडांचं, दुसरं खालच्या ठिबकच्या तुकड्याचं. खिशातून त्यांनी डोंगरावरची मूठभर फळंही काढून टेबलावर ठेवली. सुकून सुरकुतलेली, आपल्याकडच्या वाळवलेल्या बोरांसारखी.

"घसा जाळतंय हे तेल," ते खुशीत म्हणाले. "आकडा काढून दे, मुली."

घसा जाळणं हा तिथे गुणच. ताज्या तेलातलं ओलिओकॅन्थाल नावाचं द्रव्य नेमकं घशातच झोंबतं, जिभेवर नाही. आयबुप्रोफेनचं औषधी द्रावण घशात झोंबतं तसंच. २००५ साली शास्त्रज्ञांना या दोहोंतलं साम्य आधी चवीवरूनच जाणवलं, आणि सूज कमी करण्याचं कामही दोन्ही सारखंच करतात हे मग दिसलं.

तेलातली फिनॉलं, म्हणजे हीच कडू-झोंबरी द्रव्यं, मिथेनॉल-पाण्यात उतरवून एचपीएलसीवर, म्हणजे द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावली. पडद्यावर एकामागून एक शिखरं चढायला लागली. युरोपीय संघाच्या २०१२च्या नियमानुसार वीस ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल या फिनॉलाचे आणि त्याच्या भावंडांचे मिळून किमान पाच मिलिग्रॅम असले, तर लेबलवर आरोग्याचा दावा छापता येतो. डोंगरावरचं तेल त्याच्या दुपटीच्याही वर होतं. आम्लताही सर्वांत वरच्या, 'एक्स्ट्रा व्हर्जिन' प्रतीच्या ०.८ टक्क्यांच्या मर्यादेच्या खूप आत. मी मनातल्या मनात त्या शेतकरी आजोबांचं अभिनंदन करून मोकळी झाले.

पाणी कमी पडलं की झाडाच्या पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी रूपं वाढतात, आणि त्यांना आवरायला झाड फिनॉलं जास्त बनवतं. ही कडू द्रव्यं झाडाची स्वतःची ढाल. आपल्या हृदयाची काळजी त्याला कशाला असेल? शिवाय त्यांचा ओढा तेलापेक्षा पाण्याकडे. एरवी बहुतेक भाग गिरणीत पाणी आणि चोथ्याबरोबर निघून जातो. फळात पाणीच नसलं की तेलाच्या वाट्याला जास्त येतो. म्हणजे आकडा फुगायला फळाचं सुकणंही हातभार लावतं, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दुपारी डोंगरावरचं तेल चाखणाऱ्या पॅनेलकडे गेलं. निळ्या काचेचे पेले, म्हणजे रंग बघून मत बनू नये. तेल २८ अंशांवर कोमट केलेलं. निकाल आला: कडूपणा जोरदार, तिखटपणा जोरदार, आणि एक दोष. त्यांच्या भाषेत 'गवत-लाकूड', झाडावरच सुकलेल्या फळांच्या तेलाला येतो तो. 'एक्स्ट्रा व्हर्जिन'ला दोषाचा मध्यांक शून्यच लागतो. तेल एक पायरी खाली, नुसतं 'व्हर्जिन'.

विश्वास बसेना म्हणून उरलेला पेला मी हातात घेतला, तळव्याने झाकून ऊब दिली, हुंगला. कडबा! सांगोल्याच्या आमच्या वस्तीवरच्या गंजीचा, एप्रिलातला. त्यानंतर घोट, आणि लागोपाठ दोन ठसके.

ठिबकच्या तेलाचा आकडा बराच कमी, पण मर्यादेच्या वर. दोष नाही. त्या तुकड्याला त्यांनी जुलैत, कोय टणक होताना, पाणी तोडलं होतं आणि ऑगस्टअखेर, तेल भरायला लागल्यावर, पुन्हा सोडलं होतं.

आजोबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. "म्हणजे औषध म्हणून उत्तम, तेल म्हणून दुय्यम?" त्यांनी विचारलं. दावा छापता येईल, 'एक्स्ट्रा' मात्र लिहिता येणार नाही, असं मी सांगितलं. ते हसले नाहीत.

रात्री अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. डाळिंबाचा बहार धरताना ताण देण्यात, म्हणजे झाडाचं पाणी बंद ठेवून मग वेळेवर पाणी सोडून तो ताण तोडण्यात, त्यांची उभी हयात गेलेली. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "डोंगरावरच्यांचा ताण तोडला कधी त्यांनी?"

"तोडायला पाणी कुठं होतं?"

"मग त्याला ताण कशाला म्हणतीस?"

डोंगरावरची बाटली आजोबांनी माझ्यासाठीच ठेवून दिली. उन्हाळ्यात कधीतरी आठवण झाली, तेव्हा उघडली. खवटपणाचा मागमूस नव्हता; ती फिनॉलं तेलालाही जपतात. लसणाच्या चटणीवर ओतलं. कडब्याचा वास तसाच होता.