सीबी रेडिओ बसवायला आलेली जीप आणि धारबांदोड्यातला तो रविवार

माझं फोंड्याला कुर्टीच्या बाजूला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आधी सगळं काम खाणीच्या ट्रकांचं असायचं, लाईट, हॉर्न, बॅटरी, वायरिंग, मग 2012 ला खाणी थांबल्या, मधे थोड्या चालू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद, तेव्हापासून ऑफरोडवाल्या गाड्या यायला लागल्या. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), एलईडी बार, दुसरी बॅटरी, आणि हल्ली वायरलेस.

वायरलेस घ्यायला आलेला माणूस पहिलं विचारतो, हा किती किलोमीटर जातो. बॉक्सवर तर काय वाट्टेल ते छापलेलं असतं. समुद्रावर होडीतून होडीत बोललं तर ते खरं पण होईल, पण आपल्याकडे सत्तरी, सांगे, धारबांदोडा ह्या भागात एक वळण घेतलं की मधे डोंगर येतो, आणि पावसाळ्यानंतर झाडी एवढी माजलेली असते की पुढच्या गाडीचा मागचा दिवा पण दिसत नाही. मोबाईलला रेंज नाही. म्हणून तर रेडिओ पाहिजे असतो.

तर पावसाळा सरत आलेला तेव्हा मडगावचे एक काका जीप घेऊन आले. सोबत खोका. त्यांच्या भावाने अमेरिकेतून येताना सीबी रेडिओ आणला होता, सीबी म्हणजे सिटिझन बँड, सामान्य लोकांना आपापसात बोलायचा वायरलेस, डॅशखाली बसवायचा सेट, गोल वायरचा माईक आणि बंपरवर लावायची लांबलचक स्टीलची काठी. "रविवारी पाच गाड्या जातोय, त्याच्या आधी बसवून दे, सगळ्या व्हिडिओत हाच लावतात," काका म्हणाले.

व्हिडिओत लावतात हे खरं आहे. अमेरिकेत 1958 पासून 27 मेगाहर्ट्झवर सामान्य माणसाला बोलायची मुभा आहे, 1977 पासून चाळीस चॅनल झाले, ट्रकवाले 19 नंबरला बोलतात, 9 नंबर इमर्जन्सीचा, त्यामुळे तिकडे जीप म्हटली की सीबी आलाच. मला स्वतःला तो सेट हातात घेऊन एवढा आनंद झाला की दुकानातलं बाकीचं काम बाजूला ठेवून मी तो उघडून बघत बसलो.

पण बसवला नाही.

काका चिडले. "अरे बाबा, परवाना लागत नाही असं वाचलंय मी, 27 मेगाहर्ट्झ भारतात फ्री आहे." अर्धं बरोबर होतं त्यांचं. 2005 च्या नियमात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा विनापरवाना आहे, ताकद जास्तीत जास्त 5 वॅट, आणि अँटेना सेटलाच जोडलेली, बिल्ट-इन. म्हणजे बंपरवरची काठी ह्या सवलतीत बसत नाही. आणि चॅनल नंबर 28 ची फ्रिक्वेन्सी 27.285 आहे, तिथून पुढचे चाळीसपर्यंतचे सगळे चॅनल आपल्या पट्ट्याच्या बाहेर. वर सेटला आपल्याकडचं ईटीए, म्हणजे वायरलेस उपकरणाला लागणारं सरकारी मंजुरीपत्र, नाही. मी म्हटलं, काका, उद्या कुठे चेकिंगला अडकलात तर सेट कोणी बसवला हे पण विचारतील, आणि गोव्यात तर विमानतळावर सॅटेलाइटवालं यंत्र सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांना पोलिसांनी धरल्याच्या बातम्या येऊन गेल्यात, वायरलेसचं प्रकरण इकडे कोणी हलकं घेत नाही.

"मग आतल्या अँटेनावाला सीबी घेतो की," काका म्हणाले. आता खरा मुद्दा इथे आहे आणि हा कोणी समजावून सांगत नाही म्हणून मी जरा लांबवतो. 27 मेगाहर्ट्झची लाट साधारण अकरा मीटर लांब, तिची पाव भागाची अँटेना करायची तर पावणेतीन मीटर होते, म्हणून अमेरिकेत ती एवढी उंच काठी लावतात आणि गाडीचं लोखंडी बॉडी खाली जमिनीसारखं वापरतात. अशी पूर्ण अँटेना असेल तर 27 वाला रेडिओ झाडीतून आणि उंचवट्यावरून छान जातो, लांब लाट वळते, ओल्या पानांत कमी मरते. पण तीच अँटेना तुम्ही कॉइल गुंडाळून वीतभर रबराच्या नळीत कोंबली की 5 वॅटमधलं फार थोडं खरोखर बाहेर पडतं. उलट 446 मेगाहर्ट्झचा हँडसेट घ्या, त्याची लाट 67 सेंटीमीटर, पाव भाग म्हणजे सतरा सेंटीमीटर, हातातल्या सेटवर जवळजवळ पूर्ण मापाची अँटेना मावते. भारतात 446.0 ते 446.2 हा पट्टा 2018 च्या नियमाने विनापरवाना आहे. म्हणजे कायद्यात राहून घ्यायचं असेल तर आपल्याकडे सीबीचा जो खरा फायदा आहे तोच हातातून जातो.

काकांना ते पटलं नाही, तोंडावरच दिसत होतं. त्यांच्या ग्रुपमधल्या एकाकडे नियमात बसणारी 27 वाल्या हँडसेटची जुनी जोडी होती. काका म्हणाले, "तूच चल रविवारी, दोन्ही लावून बघू, पाच वॅट म्हणजे पाच वॅट." मी तयार झालो, हेल्परला पण घेतलं, म्हटलं ग्राऊंडवर काय होतं ते बघूनच ठरवू.

जागा धारबांदोडा तालुक्यात, एका ओळखीच्याची काजूची बाग आणि त्याला लागून बंद खाणीचा जुना रस्ता, मालकाची परवानगी घेतलेली. अभयारण्यात गाड्या घालायचा प्रश्नच नव्हता. सकाळी उसगावला तिस्कावर सगळ्या गाड्या जमल्या. पाचही गाड्यांत 446 चे सेट आणि 27 ची जोडी पहिल्या आणि शेवटच्या गाडीत.

तिथेच पहिली गोष्ट सापडली. पाचातला एक सेट सगळ्यांचं ऐकत होता पण त्याचं कोणालाच ऐकू जात नव्हतं. मालक म्हणाला पीस खराब, ऑनलाइन घेतलाय, परत पाठवतो. खराब काही नव्हता, प्रायव्हसी कोड म्हणतात तो सबटोन त्याच्यावर वेगळा लागला होता. बोलताना आवाजाखाली एक बारीक टोन जातो आणि समोरच्या सेटवर टोन लावलेला असेल तर तो जुळल्याशिवाय स्पीकर उघडतच नाही. त्याच्या सेटवर फक्त पाठवायच्या बाजूला टोन बदललेला. सगळ्यांचे टोन काढून टाकले आणि चॅनल ठरवला. हे घरून निघायच्या आधी करायचं काम आहे, जंगलात गेल्यावर मेन्यूत शोधत बसायला कोणाला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट, पुढच्या गाडीवर स्वस्तातला एलईडी बार होता, तो लावला की 27 च्या सेटमध्ये भाजल्यासारखा खरखराट. बारमधला ड्रायव्हर सर्किट असा कचरा सोडतो आणि 27 वर एएम, म्हणजे लाटेच्या ताकदीतून आवाज पाठवायची पद्धत, असल्यामुळे सगळा स्पीकरमधून येतो. 446 एफएम आहे, त्याला काही फरक पडला नाही.

बागेतून चढ चढून खिंडीत आलो. खिंड म्हणजे दोन्ही उतारांच्या मधली उंच जागा, एका बाजूला आलेला रस्ता, दुसऱ्या बाजूला खाली व्हाळ, म्हणजे ओढा. मी मधल्या गाडीत होतो. मी ड्रायव्हरला म्हटलं इथे थांबू, मागच्या दोन गाड्या चढून आल्याशिवाय पुढे नको, मला दोन्ही बाजूंचं ऐकायचंय. पुढच्या दोन गाड्या व्हाळ ओलांडून पलीकडच्या टेकाडामागे गेल्या. चौथी वर आली. पाचवी येईना.

पाऊस सुरू झाला, अचानक येतो तसा. तांबडी माती ओली झाली की टायरला काही धरत नाही. थोड्या वेळाने 446 वर तुटका आवाज आला, "...सरकली... बाबांना..." आणि बंद. हेल्परने लगेच बटण दाबलं, एक सेकंद थांबला आणि म्हणाला, "सेट खिडकीच्या बाहेर काढा, उभा धरा, मग बोला." पावसामुळे काचा बंद करून आत बसून बोलत होता मागच्या गाडीवाला, सगळं लोखंड भोवती. सेट बाहेर काढल्यावर आवाज स्वच्छ आला. गाडी चढावर आडवी सरकून काजूच्या झाडाला टेकली होती, एका बाजूचं दार उघडत नव्हतं, आणि गाडी चालवणाऱ्याचे वडील आत होते, वय सत्तरीच्या पुढे, दम्याचा त्रास, घाबरून धाप लागलेली आणि पंप त्या हिसक्यात कुठेतरी सीटखाली गेलेला.

ग्रुपमध्ये एक डॉक्टर होते, पहिल्या गाडीत. मागच्या गाडीवाल्याने आधी 27 च्या सेटवर त्यांनाच हाक मारली होती, पाच वॅट म्हणून, दोन-तीन वेळा. पुढे काहीच पोचलं नाही. मधे दोन उंचवटे, छोटी अँटेना, आणि पुढे तो एलईडी बार चालू.

मी गाडीतून उतरून खिंडीच्या कडेला गेलो, तिथून व्हाळाची बाजू उघडी होती. 446 वर डॉक्टरांना हाक मारली, पहिल्याच हाकेला उत्तर. मग आम्ही मधे उभं राहून निरोप इकडून तिकडे करायला लागलो. मी डॉक्टरांशी, हेल्पर मागच्या गाडीशी. हेल्परला मी एवढंच सांगितलं की आपलं काही घालायचं नाही, जे ऐकलं तेच शब्द. आणि त्या पोराने ते एवढं नीट केलं की मला आजपण त्याचा अभिमान वाटतो. डॉक्टर म्हणाले झोपवू नका, सरळ बसवा, थोडं पुढे वाकून, शर्टाची बटणं सोडा, काच उघडा, ओठ निळे पडलेत का ते बघा. हेल्परने तसंच्या तसं खाली सांगितलं, खालून परत म्हणून घेतलं, मग उत्तर मला. ओठ निळे नाहीत, बोलतात पण एकेक शब्द. डॉक्टरांच्या बॅगेत निळा पंप होता. ते पहिल्या गाडीने उलटे निघाले.

खिंडीत मोबाईलला एखादी कांडी येत जात होती. चौथ्या गाडीतल्या बाईंनी तिथून 108 ला फोन लावला, डांबरी रस्त्याला बागेच्या फाटकापाशी यायला सांगितलं, आणि चौथी गाडी वाट दाखवायला फाटकाकडे परत गेली. जाताना मागच्या गाडीजवळ थांबून दोघं जण खाली उतरले, त्यांनी चांगल्या बाजूच्या दारातून आजोबांना बाहेर काढून ताडपत्रीखाली बसवलं. हे सगळं बोलणं एकाच चॅनलवर चाललेलं, म्हणून मी मधे एकदा जरा आवाज चढवून सांगितलं की मी नाव घेईन त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी बटणाला हात लावू नका. दोघांनी एकदम बटण दाबलं की कोणाचंच धड कळत नाही आणि त्या वेळेला ते परवडलं नसतं.

डॉक्टर पोचले, पंप दिला, थोड्या वेळाने हेल्परच्या सेटवर खुद्द आजोबांचा आवाज आला, "बरं आसा रे आता." खिंडीत आम्ही सगळे भिजलेले, पण त्या आवाजाने जीव भांड्यात पडला. ॲम्ब्युलन्सने त्यांना फोंड्याच्या इस्पितळात नेलं, संध्याकाळी घरी सोडलं.

गाडी विंचने सरळ करून घेतल्यावर काका माझ्याकडे आले. आता चाचणी राहू दे म्हणाले. मीच म्हटलं नको, आलोय तर करूया, आज जे झालं ते कशामुळे झालं ते कळायला पाहिजे. गाडी सरकली होती त्याच जागेवर काकांना 27 चा सेट घेऊन उभं केलं, दुसरा माझ्याजवळ खिंडीत. एलईडी बार बंद. काकांचा आवाज येतो न येतो असा, शब्द कळत नाहीत. त्याच जागेवरून 446 वर, हात बाहेर, स्वच्छ. मग 446 पण खिंड सोडून थेट पलीकडच्या टेकाडामागे लावून बघितला, तर तोही मेला. काकांना मी मुद्दाम ते ऐकवलं, कारण 446 घेतला म्हणजे डोंगराच्या आरपार जाईल असं त्यांनी समजून जाऊ नये. खिंडीतली गाडी नसती तर त्या दिवशी कुठलाच सेट कामाला आला नसता.

डॉक्टरांनी विचारलं की ह्याच्यापेक्षा चांगलं काही कायद्यात आहे का. आहे, हॅम, म्हणजे हौशी लोकांचा परवान्याचा रेडिओ. परीक्षा द्यायची, लायसन्स आणि कॉलसाइन (हवेत बोलताना सांगायचं आपलं ओळख-चिन्ह) घ्यायचा, मग 144 ते 146 मेगाहर्ट्झवर टपावर नीट अँटेना लावून जास्त ताकदीने बोलता येतं. फक्त बोलणाऱ्या प्रत्येकाकडे लायसन्स पाहिजे, एकट्या ड्रायव्हरने घेऊन चालत नाही. डॉक्टर आणि चौथ्या गाडीतल्या बाई दोघं आता परीक्षेचा अभ्यास करतायत.

काकांचा अमेरिकन सेट खोक्यात परत गेला. त्या आठवड्यात ते दुकानात आले आणि ग्रुपसाठी सगळे सेट एकाच मॉडेलचे घ्यायचे ठरले. ऑनलाइन बघताना मी त्यांना दोनच गोष्टी आधी बघायला लावल्या, फ्रिक्वेन्सी 446.0 ते 446.2 च्या आत लिहिलीय का आणि ईटीए नंबर आहे का. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्यांसाठी ह्यावर नियमच काढलेत, तरी वाचून घेतलेलं बरं. किलोमीटरचा आकडा आम्ही बघितला नाही. त्याऐवजी बॅटरी निघते का, गाडीत चार्ज होते का, ओल्या हाताने बटण नीट दाबलं जातं का, आणि आवाज इंजिनच्या वर ऐकू येतो का, हे बघून घेतले.

आणि वाट ठरवताना आता नकाशावर आधी खिंड शोधतात. मधली गाडी तिथे थांबणार, शेवटची वर आल्याशिवाय हलणार नाही, आणि त्या गाडीत माझा हेल्पर पाहिजे म्हणून काका दर वेळी मला फोन करतात.